तंबुळी कोणत्या पानांची करता? (आणि माझं दही का फुटतं?)

मृद्गंध_नागपूर
नमस्कार मंडळी,
गेल्या एप्रिलमध्ये मैत्रिणीच्या माहेरी गेले होते. कर्नाटकातल्या शिरसीपासून बरंच आत, सुपारीच्या बागेतलं घर. दुपारी केळीच्या पानावर जेवायला बसलो. आधी भात वाढला. त्याचं आळं करा म्हणाले आणि त्यात फिकट हिरवं, पातळसर काहीतरी ओतलं. मला वाटलं कढी. पहिला घास घेतला आणि थबकलेच, कारण ते गार होतं. फ्रीजमधलं दात शिवशिवणारं गार नाही, माठातल्या पाण्यासारखं. ताक, ओलं खोबरं, जिरं, मिरी आणि या सगळ्याच्या मागून पावसाळी बांधावर येतो तसा हिरवा वास. त्या दिवशी मी तीनदा भात घेतला. नाव विचारलं तर "तंब्ळी" म्हणाले. पुस्तकी कन्नडमध्ये तंबुळी. तंपु म्हणजे गार आणि हुळी म्हणजे आंबट, असा अर्थ त्यांनी सांगितला.

आता माझी अडचण. बाबा ७९ वर्षांचे आहेत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास गेला की त्यांची भूकच मरते. दोन घास दहीभात, की ताट बाजूला. तेव्हा मला ही तंबुळी आठवली. आतापर्यंत दोनदा करून पाहिली. पहिल्यांदा मेथीदाण्यांची केली, ती इतकी कडू झाली की बाबांनी चमचा खाली ठेवला. दुसऱ्यांदा पालकाची केली, तर दही फुटलं. वर पाणी, खाली चोथा.

तर विचारायचं असं, की त्यांच्याकडची ती पानं (ओंदेलग म्हणाले होते) नागपुरात मिळत नाहीत, मग दुसरं काय घ्यावं? दही का फुटतं? आणि ही भातावरच घ्यायची की नुसती प्यायली तरी चालते?

चिंचगूळ
शीर्षक वाचून तांबूल समजले आणि विड्याच्या गप्पा असतील म्हणून आले. आले तशी बसतेच आता.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
गार, आंबट, खोबरं, भातावर घेतात. म्हणजे आमची सोलकढीच झाली की! नाव तेवढं वेगळं.

शिरसीची_सून
मृद्गंध, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन शिरसीजवळच्या हव्यक ब्राह्मण घरात आले त्याला २२ वर्षं झाली. इथे उन्हाळ्यात जेवणात तंबुळी नसेल तर कुणाला बरं नाही का, असं शेजारीण विचारते.

आधी दर्यावर्दींना. सोलकढी वेगळी. तिच्यात नारळाचं दूध काढतात, चोथा टाकून देतात आणि आंबटपणा आमसुलाचा. तंबुळीत खोबरं वाटून सगळंच्या सगळं पोटात जातं आणि आंबटपणा ताकाचा. आणि तंबुळी पानाशिवाय, मुळाशिवाय किंवा निदान जिऱ्याशिवाय होत नाही. तिच्यात कुठली तरी एक वनस्पती मुख्य असते आणि तंबुळीला नावही तिचंच लागतं.

आता कृती. चार माणसांना:
पानं एक मूठ, चांगली धुऊन. अर्धा चमचा तूप कढईत घालायचं, त्यात एक चमचा जिरं आणि ५-६ मिरीचे दाणे. जिरं फुललं की पानं टाकायची आणि ती माना टाकेपर्यंतच परतायची. एक मिनिट, जास्तीत जास्त दीड. मग कढई उतरवून पूर्ण गार होऊ द्यायचं. माझ्या अत्ते (सासूबाई) बोट लावून बघतात. बोटाला कोमट लागलं तरी त्या वाटू देत नाहीत. मग अर्धी वाटी ओलं खोबरं घालून गंधासारखं मऊ वाटायचं. आता एक-दीड वाटी ताक आणि मीठ घालून सारखं करायचं. वरून तुपाची किंवा खोबरेल तेलाची फोडणी: मोहरी, एक सुकी मिरची, कढीपत्ता. फोडणी झाली की विषय संपला. तंबुळी परत चुलीवर चढत नाही. चढली की ती तंबुळी राहात नाही.

तुझं दही फुटलं ते इथेच. पालक गरम असताना वाटलास ना?

मृद्गंध_नागपूर
हो! घाई होती. परतला, लगेच मिक्सरला लावला आणि त्याच भांड्यात दही घालून परत एकदा फिरवला.

प्रयोगवही
तीन चुका एका दमात झाल्या. दह्यातलं प्रथिन आंबटपणामुळे आधीच गोळा होऊन बसलेलं असतं. त्याचं जाळं मऊ असतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. उष्णता लागली की जाळं आवळतं आणि पाणी बाहेर टाकतं. कढी उकळूनही फुटत नाही कारण तिच्यात बेसन असतं, ते पीठ फुगून प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. तंबुळीत पीठ नाही. म्हणून गरम काहीही चालणार नाही. त्यात मिक्सरचं पातं जाळं तोडतं आणि भांडंही तापवतं. दही शेवटी हातानं घाला, रवीनं किंवा चमच्यानं. शिवाय दह्याऐवजी घुसळलेलं ताक घेतलंत तर निम्मी भीती कमी होते.

बेळगावची_बकुळा
मला एक म्हणायचं आहे. आपण सरसकट "साउथ इंडियन" म्हणून मोकळे होतो, पण तंबुळी सगळ्या कर्नाटकातलीसुद्धा नाही. आमच्या बेळगावात, धारवाडात, विजापुरात ही घरोघर होत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीची नाहीतर नाचणीची अंबली, कांदा आणि पाणीदार ताक. तंबुळी ही मलेनाडची (घाटातल्या डोंगराळ, पावसाळी पट्ट्याची) आणि किनाऱ्याची. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर, सागर, इकडे होन्नावर-कुमटा, खाली उडुपी-मंगळूर. जिथे पाऊस भरपूर, परसात ओल, नारळ दारात आणि गाय गोठ्यात, तिथली ही गोष्ट. कोरड्या मुलखात मूठभर हिरवी पानं मे महिन्यात आणणार कुठून?

शिरसीची_सून
बकुळा, अगदी बरोबर. ओंदेलग आमच्या तोटात (सुपारीच्या बागेत) पाटाच्या कडेनं आपोआप पसरतं. कुणी लावत नाही. स्वयंपाक निम्मा झाला की अत्ते म्हणतात, "तंब्ळीला काहीतरी घेऊन ये." मग मी मागच्या दारानं जाते आणि जे हाताला लागेल ते आणते. तंबुळी कशाची करायची हे आमच्याकडे आदल्या रात्री ठरत नाही, परसात गेल्यावर ठरतं.

वनस्पतीवेडा
या ओंदेलगावरून एक महत्त्वाची गोष्ट. कन्नडमध्ये ओंदु म्हणजे एक, एले म्हणजे पान. एका देठावर एकच गोल, किडनीच्या आकाराचं, कातरलेल्या कडेचं पान येतं म्हणून ते नाव. तुळूत तिमरे म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, आयुर्वेदातली मंडूकपर्णी. मराठीत हिलाही ब्राह्मी म्हणतात आणि बकोपा मोनिएरी या दुसऱ्याच वनस्पतीलाही ब्राह्मी म्हणतात. ती बारीक, मांसल, लांबट पानांची, पांढऱ्या-फिकट जांभळ्या फुलांची, पाणथळीत वाढणारी. नर्सरीत "ब्राह्मी द्या" म्हणालात तर दोन्हींपैकी काहीही हातात पडेल. तंबुळीला गोल पानाची हवी. बकोपा चवीला बरीच कडू असते.

अजून एक. ही वनस्पती ओलीत, गटाराच्या कडेलाही जोमानं वाढते. न शिजवता किंवा जेमतेम परतून खायची आहे, तर कुठून तोडली ते बघून घ्या. कुंडीत लावलेली सगळ्यात बरी.

काणकोणकार
आमच्या घरात "तंबळी" म्हणतात. आम्ही गौड सारस्वत, माझं आजोळ कारवारचं. पण आमच्या तंबळीत ताक नसतंच! खोबरं, मिरची आणि आमसूल किंवा चिंच वाटायची, पाणी घालून पातळ करायची, वरून लसणाची खमंग फोडणी. लसणे तंबळी म्हणजे पेजेबरोबर किंवा उकड्या तांदळाच्या भातावर आमचा जीव की प्राण. आणि त्या गोल पानाला आमच्याकडे एकपानी म्हणतात, म्हणजे अर्थ तोच, ओंदेलग. त्याचीही तंबळी होते.

तेव्हा वेंगुर्लेकरांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. सोलकढी आणि हव्यकांची तंब्ळी यांच्यामध्ये आमची तंबळी उभी आहे, दोघींचा हात धरून.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
धन्यवाद काणकोणकार. एकटा पडलो होतो.

इतिहासाची_खिडकी
कारवारचा विषय निघालाच आहे म्हणून. उत्तर कन्नड जिल्हा (कारवार, कुमटा, शिरसी यातच) १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच होता. दक्षिण कन्नड मात्र मद्रासकडेच राहिला. इतकी वर्षं शाळा, कोर्टकचेऱ्या, नोकऱ्या मुंबईच्या बाजूच्या. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत कारवार-कुमट्याकडचं माणूस आहे आणि तंबळी हा शब्द ऐकलेला आहे. माझी आजी कुमट्याची. ती मराठी बोलताना अडखळायची नाही, पण या पदार्थाला मराठी नाव तिनं कधी शोधलं नाही.

सुगरण_नवशी
कृपया मेथीच्या कडूपणाचं कुणीतरी सांगा, माझंही तेच होतं.

शिरसीची_सून
मेथी: चार माणसांना अर्धा चमचा दाणे, बस्स. तुपात मंद आचेवर, दाणे गुलाबीसर होऊन वास सुटला की लगेच काढायचे. लाल झाले की कडू, काळपट झाले की फेकून द्या आणि पुन्हा करा. त्याबरोबर पाव चमचा जिरं. खोबरं थोडं जास्त, कारण खोबऱ्याची गोडी कडूपणाला सांभाळते. काहीजणी गुळाचा छोटा खडा घालतात. आमच्या घरी नाही घालत, पण घातला तर कुणी नावं ठेवणार नाही.

तिखटमीठ
खोबऱ्याशिवाय चालेल का? घरात कोलेस्टेरॉलची भीती बसलेली आहे. पालक आणि ताक एवढंच वाटलं तर?

बेळगावची_बकुळा
चालेल, पण मग तो पालकाचा मठ्ठा.

काणकोणकार
नाही चालणार. खोबरं हा तंबळीचा कणा आहे.

प्रयोगवही
चार माणसांत अर्धी वाटी खोबरं म्हणजे माणशी दोन चमचे. त्यानं फार बिघडू नये, पण डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. खोबरं निम्मं करा, एकदम शून्य नको. पातळपणात ताक आणि वाटण वेगळं होऊ नये यासाठी ते लागतं. सुकं खोबरं मात्र नको. मी एकदा घातलं तर तेलकट तवंग आला आणि खवट वास.

आणि ओलं खोबरं घातलं म्हणजे टिकणार नाही हे लक्षात ठेवा. मेमध्ये सकाळी केलेली तंबुळी दुपारच्या जेवणाला संपवायची. रात्रीपर्यंत बाहेर ठेवलीत तर आंबून फसफसते.

आईचं_घर
एक आठवण लिहिते. माझे वडील बँकेत होते, ऐंशीच्या दशकात तीन वर्षं आम्ही सागरला होतो. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा माझं पोट बिघडलं. घरमालकिणीच्या सासूबाई, आम्ही त्यांना अज्जी म्हणायचो, त्यांनी फडताळातून एक डबा काढला. त्यात डाळिंबाच्या वाळवलेल्या साली. दोन इंचभर तुकडे घेतले, तुपात परतले, खोबऱ्याबरोबर रुब्बुकल्लावर वाटले. तो वाटायचा दगड म्हणजे मध्ये खळगा असलेला मोठा पाटा आणि त्यात उभा फिरणारा वरवंटा. आपल्याकडे वरवंटा मागेपुढे सरकतो, तिथे तो जागेवर गोल फिरतो. अज्जी एका हातानं वरवंटा फिरवायच्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेचं वाटण आत लोटायच्या. बोट कधी सापडलं नाही त्यांचं. मी तेवढंच बघत बसले होते, पोटदुखी विसरून.

मग ताक घालून मऊ भातावर दिलं. तुरट लागलं, पण अजिबात औषधासारखं नाही. अजून डाळिंब सोललं की साल फेकताना माझा हात अडखळतो.

वनस्पतीवेडा
डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, तुरटपणा त्याचाच. पेरूच्या कोवळ्या पालवीचीही तंबुळी होते, तिथेही तेच. एक खबरदारी: या दोन्ही गोष्टी लोखंडी कढईत परतू नका. टॅनिन आणि लोह भेटले की वाटण काळं-निळं पडतं. जुनी शाई याच मेळानं बनवत.

आणि लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी मीठ-साखर-पाणी आणि डॉक्टर. तंबुळी जेवणात असू दे, उपचाराच्या जागी नको.

चिंचगूळ
शाई! मृद्गंध, बाबांना काळी तंबुळी वाढू नका हो, आधीच चमचा खाली ठेवलाय त्यांनी.

उडुपीचा_भाचा
आत्याकडे उडुपीला लहानपणी खूप राहिलोय. पानांशिवायच्या तंबुळ्याही पुष्कळ. नुसत्या जिऱ्या-मिरीची, आल्याची, वाळवलेल्या आवळ्याची. फुलांचीही असते, रानातल्या लाल एक्झोराची, तिकडे केपळ म्हणतात. नेक्करे नावाच्या जांभळ्या फुलांच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांची. आणि चिंचगूळ, तुम्ही ज्या कारणानं आलात ते अगदीच फुकट नाही गेलं: विड्याच्या पानाचीही तंबुळी करतात!

आत्याकडे चातुर्मास पाळायचे. पहिला महिना शाकव्रत, दुसरा दधिव्रत, मग क्षीर आणि द्विदल. पहिल्या महिन्यात पानं बंद, दुसऱ्यात दही बंद. त्यामुळे नेहमीची तंबुळी दोन महिने दिसायची नाही. ते दोन महिने मला फार लांब वाटायचे.

चिंचगूळ
विड्याच्या पानाची!! बघा, माझं येणं सार्थकी लागलं.

मेलबर्नवाली_माधवी
परदेशातल्यांसाठी: ओंदेलग इथे सहज मिळतं. श्रीलंकन दुकानात गोटुकोला म्हणून जुडी मिळते, व्हिएतनामी दुकानात राउ मा म्हणून. पान तेच. श्रीलंकेचे लोक त्याचं कच्चं, खोबरं-कांदा-लिंबू घातलेलं संबोल करतात, व्हिएतनामी लोक त्याचा हिरवा रस गोड करून पितात. माझी शेजारीण श्रीलंकेची आहे. मी तिला तंबुळी दिली, तिनं मला संबोल दिलं. दोघींच्याही घरात खोबरं आणि तेच पान. फरक एवढाच, की तिनं ताक घातलं नव्हतं.

इथला उन्हाळा जानेवारीत, त्यामुळे संक्रांतीला तिळगुळाबरोबर आमच्याकडे तंबुळी असते.

सुगरण_नवशी
किती सुंदर! बरं, फ्रीजमध्ये गार करून द्यायची का? नाव "थंड" आहे म्हणून विचारते.

उडुपीचा_भाचा
हो, भरपूर बर्फ घालून काचेच्या ग्लासात. पुण्यात एका ठिकाणी अशीच मिळाली मला, मस्त लागली.

शिरसीची_सून
भाच्या, तू आत्याकडे राहिलास आणि असं म्हणतोस? बर्फ घातला की खोबऱ्याची चव बंद होते आणि तुपाची फोडणी वर गोठते, पांढरे कण जिभेला लागतात. तंबुळी गार म्हणजे न उकळलेली, घराच्या सावलीइतकी गार. भात गरम हवा, वाफ निघणारा. गरम भात आणि गार तंबुळी एकाच घासात यायला हवी, सगळी मजा तिथेच आहे. ताक माठाजवळ ठेवलेलं असलं की झालं.

उडुपीचा_भाचा
गोठलेल्या तुपाचं मान्य. पण भर दुपारी पायी चालून आलेल्या माणसाला ग्लासभर पातळ, गार तंबुळी द्या आणि मग बोलू. आत्यासुद्धा जेवणानंतर उरलेली पाणी घालून प्यायला द्यायची.

शिरसीची_सून
ते आमच्याकडेही. प्यायला बर्फ घाल, भातावर नको. तडजोड.

दर्यावर्दी_वेंगुर्ला
मी उद्या सोलकढीत पानओवा (ज्याची भजी करतो ते पान) घालून बघतो. आजीला सांगणार नाही.

हापूसप्रेमी
गार सूपच म्हणायचं तर शिरसीकडच्या अप्पेहुळीबद्दल कुणी का बोलत नाही? मित्राच्या लग्नात प्यायलो होतो, मग अख्खी दुपार मांडवातच झोपलो.

शिरसीची_सून
झोपणारच! अप्पेहुळी प्यायली की डोळे मिटतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. कैरी उकडायची, गर कोळायचा, भरपूर पाणी, मीठ, चवीला थोडी साखर किंवा गूळ. फोडणीत सुकी मिरची, मोहरी आणि हिंग जरा सढळ. पाण्यासारखी पातळ हवी. जेवताना वाटीवर वाटी पितात. त्याच कैरीचं, न उकडता नुसतं वाटून पाण्यात कालवलं तर ते नीरगोज्जु. दोन्ही पन्ह्याच्या कुळातली, पण पन्हं गोड आणि ही खारट-आंबट-झणझणीत.

अप्पे ही इथल्या नदीकाठची रानआंब्याची जात. हिच्या कोवळ्या कैऱ्या म्हणजे अप्पेमिडी, लोणच्यासाठी प्रसिद्ध, भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. देठ मोडला की जो चीक उडतो त्याच्या वासावरून जाणकार झाड ओळखतात. एका जातीला तर चक्क जिऱ्याचा वास येतो. माझे सासरे कैरी नाकाशी धरून कुठल्या झाडाची ते सांगायचे. आता त्यांच्या माघारी आम्ही सगळे वास घेतो, पण कुणालाच तसं सांगता येत नाही.

हापूसप्रेमी
हे वाचून हापूसचा अभिमान क्षणभर बाजूला ठेवला.

विदर्भाची_उन्हं
मूळ प्रश्न राहिलाच की. मृद्गंधताई नागपुरात आहेत, मी अकोल्यात. इथे ना पाट ना ओल. आमच्यासाठी पानं कोणती?

वनस्पतीवेडा
पानओवा! जाड, लवदार, कुस्करलं की ओव्याचा वास येणारं पान, आपण भजी करतो ते. कन्नडमध्ये दोड्डपत्रे, तंबुळीच्या घरातलं अगदी नेहमीचं पान. कुंडीत येतं, अर्धवट सावलीत ठेवलं तर विदर्भाचा उन्हाळाही काढतं. माणशी दोन-तीन पानं पुरतात, वास उग्र असतो. चांगली मरगळेपर्यंत परता म्हणजे उग्रपणा उतरतो.

त्याखेरीज कढीपत्ता (कोवळा), शेवग्याचा पाला, पेरूची पालवी, पालक. पालकाला स्वतःची चव कमी, त्यात मिरी जरा जास्त घाला. आणि काहीच नसेल तर जिरं-मिरी. ते अकोल्यातही मिळतं.

विदर्भाची_उन्हं
पानओवा तर आमच्या जिन्यात आहे, तीन वर्षं नुसता भज्यांसाठी जगवलाय!

आईचं_घर
आवळकाठी विदर्भात घरोघर असते ना? उडुपीच्या भाच्यानं सांगितलेली वाळल्या आवळ्याची तंबुळी तुमच्यासाठीच आहे. रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी खोबऱ्या-जिऱ्याबरोबर वाटा. आवळा आधीच आंबट, म्हणून ताक गोडसर घ्या, कालचं आंबट नको.

मृद्गंध_नागपूर
सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले, माफ करा. पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पानओवा केला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंडीतून आठ पानं मागून आणली. तुपात जिरं-मिरी, मग पानं. आधी त्यांचा मखमली हिरवा रंग चकाकला, मग पानं मऊ पडून कडेला तपकिरी झाली. घरभर ओव्याचा वास. गॅस बंद केला आणि कढई खिडकीत ठेवली. पण या उन्हात खिडकीत काही गार होतं का! मग ताटात पाणी घेऊन त्यात कढई ठेवली. बोट लावून बघितलं, शिरसीच्या अत्तेंची आठवण काढत. पूर्ण गार झाल्यावरच वाटलं. ताक रवीनं घुसळलेलं, शेवटी हातानं घातलं.

फुटलं नाही. फिकट पोपटी, एकसारखं, चमच्यावरून संथ ओघळणारं.

बाबांना काही सांगितलं नाही. गरम भाताचं आळं केलं, त्यात ओतलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "यात ओवा आहे का?" एवढंच. मग खाली मान घालून जेवत राहिले. भात संपला. मी पुन्हा थोडा वाढला, तोही संपला. शेवटी त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि तळाचं प्यायले. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी ताटात बोटं फिरवून शेवटचं शीत उचललेलं मी पाहिलं नव्हतं, ते काल पाहिलं.

रात्री झोपताना म्हणाले, "उद्या ते ओव्याचं करशील ना?"

आता प्रश्न असा की काकूंच्या कुंडीत मोजून चार पानं उरली आहेत.

शिरसीची_सून
वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. अत्तेंना वाचून, कन्नडमध्ये सांगून दाखवलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी पानं थोडी कमी घाल आणि जिरं वाढव, रोज उग्र नको.

आणि पानं खुडत बसू नकोस. काकूंना विचारून चार बोटं लांबीचा शेंडा मोड, खालची दोन पानं तंबुळीला घे आणि काडी ओल्या मातीत खोच. सावलीत ठेव, पाणी बेतानं. पंधरा दिवसांत नवी पालवी दिसेल. तोवर जिरं-मिरीची कर, मग एक दिवस आवळकाठीची.

विदर्भाची_उन्हं
अकोल्याहून नागपूरला मंगळवारी माझा भाऊ येतोय. ताई, पिशवीभर पानओवा पाठवू का? मुळासकट?

मृद्गंध_नागपूर
पाठवा! विपूत (विचारपुशीत) निरोप टाकते.